एक शेर म्हणजे किती लिटर

मल्लेश्वरम, बंगळूर
१२ नोव्हेंबर १९६१

प्रिय दामोदरअण्णा,

वाकून नमस्कार करायला तू समोर नाहीस, तेव्हा तो कागदावरच घे आणि अर्धा प्रतिमावहिनींना दे.

तुझं पत्र मिळालं. मोठ्या काकूंच्या प्रत्येक पत्रात दुधाची तक्रार असते, आणि वहिनी तुला विचारतात की बंगळूरच्या घरी दुधावरून एवढं चालतं तरी काय. म्हणून वहिनींसाठी पहिल्यापासून लिहिते.

वहिनी, आजोबांनी दोन मुलांना घर वाटून दिलं, तेव्हा अंगणात भिंत घातली आणि भिंतीत एक लहान दार ठेवलं. पश्चिमेची बाजू सुब्बारावकाकांची, म्हणजे तुमच्या सासऱ्यांची. पूर्वेची माझ्या अप्पांची. गाय एकच होती, ती आमच्या बाजूला आली. म्हणून आजोबांनी ठरवून दिलं की गोठ्यात गाय आहे तोवर थोरल्या घरी रोज सकाळी एक शेर दूध जाईल. पुढे आजोबा गेले, सुब्बारावकाका गेले, अण्णा नोकरीसाठी भिलाईला आला. भिंतीपलीकडे आता मोठ्या काकू एकट्याच असतात. दूध मात्र चालू आहे.

भांडण शेराचं आहे. माझी अम्मा तिच्या पितळी शेरानं मोजते, तो इथल्या चिकपेठेतला. मोठ्या काकूंनी माहेराहून, बेळगावहून, स्वतःचा शेर आणलेला आहे, तो मोठा. आजोबांच्या मनातला शेर कोणता, हे सांगायला आजोबा नाहीत. त्यामुळे रोज सकाळी मधल्या दारात हे असं:

"लक्ष्मी, हा शेर आहे की पळी?"

"शेरच आहे, अक्का. बेळगावची माणसं मोठी, तिथली भांडी मोठी. आम्ही बापडे बंगळूरचे."

"वर थोडं घालायला बेळगाव लागत नाही. हात लागतो."

"स्वल्प वर घातलंय की! ते नाही दिसत."

"दिसेल कसं? चष्मा काय असलेल्या गोष्टी दाखवतो, नसलेल्या नाही."

एवढ्यावर थांबलं तरी ठीक. पण दुधावरून गोष्ट जाते अम्माच्या भावाच्या लग्नात काकूंना कुठं बसवलं होतं त्यावर. तिथून समोरच्या भीमाचार्यांच्या सुनेवर. तिथून तुरीच्या डाळीवर. अर्धा तास जातो आणि दूध निवून जातं.

अण्णा, मला याची लाज वाटते. घरात पदवी मिळवणारी मी पहिली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलींना मोजमाप शिकवते. दर शनिवारी महिला समाजात दशमान मापांवर बोलते: गॅलन म्हणजे साडेचार लिटर आणि वर थोडं, पाइंट म्हणजे पाचशे अडुसष्ट मिलिलिटर, औंस म्हणजे सुमारे अठ्ठावीस. बायका माना डोलावतात आणि शेवटी विचारतात, "ते सगळं सरी, पण दोघांच्या कॉफीला किती पावु दूध?" सरी म्हणजे बरं, आणि पावु म्हणजे इथला पावशेर. साऱ्या देशाला एक माप मिळतंय, आणि माझ्याच घरात एका दाराच्या दोन बाजूंना दोन शेर! थोड्याच महिन्यांत शेर कायद्यानंही जाणार आहे. तू हो म्हणालास तर मी हे कायमचं मिटवते.

तुझी,
नयना

◆

भिलाई
२६ नोव्हेंबर १९६१

चि. नयना,

तुझं पत्र प्रतिमाला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे हे भांडण खरंच दुधाचं आहे होय!" तिला आजवर वाटत होतं की दूध हे निमित्त असावं. नागपूरकडची माणसं प्रत्येक गोष्टीमागे दुसरं काही शोधतात.

अवश्य कर. शास्त्राचा उपयोग घरात नाही करायचा तर कुठं? आईचं पत्र दुधानं सुरू होतं आणि दुधानं संपतं. मध्ये मुलांची चौकशी असते, तीही दूध पितात का एवढीच.

तिला मी कितीदा लिहिलं की इकडे ये, आमच्याजवळ राहा. दर वेळी एकच उत्तर: "माझा शेर इथं आहे, तो सोडून मी मुलाच्या दारात कशाला येऊ?" मुलगा म्हणून मला वाईट वाटतं. पण तिचा स्वभाव मानी आहे, आणि मी आग्रह करायचा आणि तिनं नाही म्हणायचं, हे आता आम्हां दोघांनाही अंगवळणी पडलं आहे. तुझ्या लिटरनं तिचं चित्त थाऱ्यावर आलं तर मी निश्चिंत होईन.

प्रतिमाची बहीण परीक्षेसाठी आमच्याकडे राहायला आली आहे. दोन खोल्यांत पाचजण. मजेत आहोत.

दामोदर

◆

मल्लेश्वरम
१६ जानेवारी १९६२

प्रिय अण्णा,

संक्रांतीचा तिळगूळ वेगळा पाठवला आहे. हे पत्र मात्र तिळगुळापेक्षा गोड आहे.

दोन्ही शेर मी पिशवीत घालून प्रयोगशाळेत नेले. पाणी भरून काचेच्या मापात ओतलं. अम्माचा शेर भरला नऊशे दहा मिलिलिटर, मोठ्या काकूंचा एक हजार वीस. म्हणजे दोघी खऱ्या होत्या आणि दोघी चुकीच्या! या दोघांच्या मध्ये काय बसतं? एक लिटर! मला तर ही देशाचीच इच्छा वाटली.

मग सरकारी छाप असलेलं एक लिटरचं माप विकत आणलं आणि एका रविवारी मधल्या दारात दोघींना बसवून सगळं समजावलं. अप्पा ओसरीवर पेपर आड धरून बसले होते. पेपर हलत होता, तेव्हा हसत असावेत.

काकू म्हणाल्या, "म्हणजे माझ्या शेरापेक्षा कमीच."

मी म्हटलं, "पण आत्ता मिळतं त्यापेक्षा जास्त."

अम्मा म्हणाली, "म्हणजे मी रोज जास्त घालायचं."

मी म्हटलं, "पण पुन्हा कधी कुणाचं ऐकून घ्यायचं नाही."

काकूंनी मापावरचा छाप बोटानं चाचपला आणि विचारलं, "हा छाप सरकारचा?" मी हो म्हटलं. "मग सरकारशी कोण भांडणार?" असं म्हणून त्या उठल्या. अम्मा म्हणाली, "सरी, झालं तर." मला वाटलं होतं दोन तास लागतील. दहा मिनिटांत आटोपलं.

त्या दिवसापासून भांडण नाही. अम्मा लिटर भरते आणि दारातल्या कोनाड्यात ठेवते. काकू आपल्या वेळेनं येऊन नेतात, भांडं धुऊन परत ठेवतात. दोघींनी समोरासमोर यायचीही गरज उरली नाही. केवढा वेळ वाचतो! महिला समाजात मी हे उदाहरण सांगितलं, नावं न घेता. टाळ्या पडल्या.

दोन्ही जुने शेर मी कपाटात वर ठेवून दिले आहेत.

तुझी,
नयना

◆

भिलाई
५ फेब्रुवारी १९६२

चि. नयना,

अभिनंदन! तुझा प्रयोग मी इथं क्लबात सांगितला. आमचे मुख्य इंजिनियर म्हणाले, अशा मुली घरोघरी निघाल्या तर पंचवार्षिक योजना तीन वर्षांत होतील.

आईचं पत्र आलं. चारच ओळी. "मी ठीक आहे. थंडी कमी झाली. मुलांना आशीर्वाद." दुधाचा उल्लेख नाही. मी दोनदा उलटसुलट करून पाहिलं. एवढी समाधानी मी तिला कधी पाहिली नव्हती.

दामोदर

◆

मल्लेश्वरम
७ मार्च १९६२

प्रिय अण्णा,

तुझी किती वर्षांची इच्छा पुरी होते आहे! मोठ्या काकूंचा चष्मा दुरुस्तीला गेला आहे, म्हणून त्या सांगताहेत आणि मी लिहिते आहे. "जसं सांगते तसं लिही, आपलं शहाणपण मध्ये घालू नकोस," अशी ताकीद आहे. म्हणून जसंच्या तसं:

"चि. दामोदरास आशीर्वाद. मी भिलाईला येते. राहायला येते, पाहुणी म्हणून नाही. युगादी झाली की निघेन. तू इतकी वर्षं बोलावतोस, मी नाही म्हणत आले. आता नाही म्हणायला काही कारण राहिलं नाही. इथं सगळं व्यवस्थित आहे. दूध वेळेवर आणि बरोबर मिळतं. सामान थोडंच आणीन. प्रतिमेला सांग, मला वेगळी खोली नको, मुलांजवळ झोपेन. स्वयंपाकघर मी बघेन, तिला विश्रांती."

एवढं सांगून त्या थांबल्या. मी म्हटलं, "आणखी काही?" त्या म्हणाल्या, "आणखी काय असतं?"

अलीकडे त्या जरा कमी बोलतात. शिवरात्रीला आमच्याकडे आल्या नाहीत. मी हाक मारायला गेले तर उजाडून इतका वेळ झाला तरी निजलेल्या होत्या. वयाचं असेल. अम्मालाही काय झालं आहे कळत नाही. सकाळी गोठ्यातून तिचा आवाज येतो. परवा पाहिलं, तर गाईला सांगत होती की भीमाचार्यांची सून माहेरी गेली ती अजून आली नाही. गाईला त्याचं काय?

काकू जाणार म्हणून मला चुकल्यासारखं होतं. पण आई मुलाजवळ असावी हेच खरं.

तुझी,
नयना

◆

भिलाई
१३ मार्च १९६२

चि. नयना,

आई येणार हे वाचून आम्हां दोघांना इतका आनंद झाला की प्रतिमा दोन दिवस काही बोललीच नाही.

पण आईच्या भल्याचा विचार करायला हवा. एप्रिल-मे म्हणजे इथं भट्टी. बंगळूरच्या माणसाला ही हवा मानवत नाही. शेजारीपाजारी हिंदी, आईला हिंदी येत नाही. दोन खोल्या, त्यांत मेव्हणी. परीक्षा झाली तरी ती निकालापर्यंत थांबणार आहे, आणि निकाल कधी लागतील कुणी सांगावं. आईनं स्वयंपाकघर पाहणार असं लिहिलं आहे. स्वयंपाकघर एकच आहे, आणि ते पाहणारं माणूस आमच्याकडे आधीच आहे. आनंद आणि खोल्या यांचं माप एक नसतं.

हे तिला लिहिणं माझ्या जिवावर येतं. इतकी वर्षं 'ये, ये' म्हटलं, आता कोणत्या तोंडानं थांबवू?

मी एक विचार करत होतो. ते जुने शेर कपाटात आहेत म्हणालीस ना? समजा, लिटरचं ते माप हरवलं. मापं हरवतात. मग नवं मिळेपर्यंत काही दिवस जुन्यावरच भागवावं लागेल. किंवा अम्माच्या हातून माप पडलं, पोचा आला, त्यात आता किती मावतं याची कुणालाच खात्री नाही, असंही होऊ शकतं. शास्त्रातही थोडी चूक धरूनच चालतात, असं आम्हाला शिकवलं होतं.

माझं पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

दामोदर

◆

मल्लेश्वरम
२१ मार्च १९६२

दामोदरअण्णा,

तुझं पत्र वाचलं. तू इंजिनियर. तू मला सांगतोस की बरोबर असलेलं माप मुद्दाम बिघडव! मग मी शनिवारी बायकांसमोर कोणत्या तोंडानं उभी राहू? तुला तुझ्या आईला ये म्हणायचं नसेल तर तसं तिला सरळ लिही. सरकारच्या लिटरवर कशाला ढकलतोस? खोटं माप मी देणार नाही.

हे लिहून पत्र बंद करणार होते. पण राहवेना म्हणून काकूंकडे गेले. त्या ट्रंक भरत होत्या. मी विचारलं, "काकू, खरं सांगा, तुम्हाला जायचं आहे का?"

"जायचं का राहायचं, हे माणसाला कुणी राहा म्हणणारं असलं की ठरतं."

"आम्ही सगळे आहोत की!"

"तुम्ही आहात, बाई. तू कॉलेजात, तुझे अप्पा गुंडूराव हापिसात. आणि लक्ष्मी कोनाड्यात भांडं ठेवून जाते, देवळात नैवेद्य ठेवावा तसं. मी काय देव आहे? देवालासुद्धा पुजारी दोन शब्द बोलतो."

अण्णा, तुला एक गोष्ट माहीत नाही. मॅट्रिकनंतर अप्पा मला पुढं शिकवणार नव्हते. तेव्हा मधल्या दारात उभ्या राहून काकूंनी आधी दुधावरून तोंड सोडलं, आणि दुधावरून येत येत माझ्या कॉलेजवर आल्या. "शेरात मारलंस ते मारलंस, पोरीच्या शिक्षणात नको मारूस," असं त्या अम्माला म्हणाल्या. आत अप्पा ऐकत होते. आठवड्यानं माझी फी भरली गेली. त्या अर्ध्या तासांमध्ये या घरात काय काय ठरत आलं, हे मी कधी मोजलंच नाही. आणि तेच मी वाचवलं.

घरी येऊन अम्माला सांगितलं की काकूंचं तिकीट आलं. ती लिटरचं माप घासत होती. घासतच राहिली. मग म्हणाली, "सरी. मुलाकडे जाताहेत. चांगलं आहे." मी म्हटलं, "तू त्यांना राहा म्हण ना." ती म्हणाली, "मी कोण म्हणणार? त्या थोरल्या. आणि काय म्हणून म्हणू? दूध तर बरोबर जातंय."

खोटं माप मी देणार नाही, हे अजूनही म्हणते. पण खरं माप देऊनही काकू निघाल्या आहेत, आणि त्यांना थांबवायला माझ्या पुस्तकांत काही सापडत नाही. तूच काहीतरी कर. आठ एप्रिलची गाडी आहे. अप्पा पोचवायला येताहेत.

नयना

◆

मल्लेश्वरम
९ एप्रिल १९६२

प्रिय अण्णा,

काल संध्याकाळी अप्पांनी केलेली तार मिळाली असेल. तारेत 'येत नाही' एवढंच मावलं. आता सविस्तर.

काल सकाळी यल्लाप्पा घोड्याचा जटका घेऊन दारात येऊन उभा राहिला. ट्रंक चढली, वळकटी चढली. काकू सगळ्यांना भेटल्या, फक्त अम्मा गोठ्यातून बाहेर आली नव्हती. अप्पा घड्याळ बघत होते. मी हाक मारणार, इतक्यात अम्मा मधल्या दारात आली. एका हातात दुधाची चरवी, दुसऱ्या हातात लिटर. म्हणाली, "अक्का, आजचं दूध राहिलंय."

काकू म्हणाल्या, "आज कशाला? मी चालले."

"चालल्या म्हणून काय झालं? गाय आहे तोवर द्यायचंय. शेवटचा लिटर माझ्याकडे बाकी नको."

आणि अम्मानं हात खांद्याच्या वर नेऊन चरवीतून दूध सोडलं. एवढ्या उंचावरून अम्माला दूध ओतताना मी कधीच पाहिलं नव्हतं. इथले हॉटेलवाले कॉफी ओढतात तसं. माप फेसानं काठोकाठ भरलं, वर टोपी आली. अम्मानं ते पुढं केलं.

काकूंनी मापात पाहिलं. मग अम्माकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"लिटर."

"लिटर दुधाचा की फेसाचा?"

"फेस काय बाहेरून आणला? तुमच्या दुधाचाच आहे."

"अय्यो! थांब. फेस बसू दे. चार बोटं खाली जाईल."

"जाईल तर जाईल. सरकारनं भरून द्यायला सांगितलंय, मी भरून दिलं. फेस काढून द्या असं कुठं लिहिलंय? विचारा तुमच्या बीएस्सीला."

"विचारतेच! लक्ष्मी, इतके दिवस कोनाड्यात ठेवून जात होतीस, तेव्हा हेच करत होतीस तर! मी येईपर्यंत फेस बसायचा आणि मला वाटायचं, मांजरानं तोंड घातलं!"

"मांजराचं नाव घेऊ नका, अक्का. तुमच्या माहेरची मांजरं मला माहीत आहेत."

यल्लाप्पानं बाहेरून विचारलं, "निघायचं का, अम्मा?" अप्पा म्हणाले, "वहिनी, गाडी चुकेल." काकू मान न वळवता म्हणाल्या, "गुंडूराव, हिशोब असा अर्धा टाकून मी जाऊ? मग ही गावभर सांगेल, अक्का पळाल्या." आणि पदर खोचून त्या दारातल्या पायरीवर बसल्या.

मग दोघी माझ्याकडे वळल्या. काकू म्हणाल्या, "नयना, तू शिकलेली. सांग, लिटर फेसासकट की फेसाशिवाय?"

अण्णा, मला उत्तर येत होतं. फेस म्हणजे बहुतांशी हवा. दूध स्थिर होऊ द्यायचं, मग रेघेपर्यंत मोजायचं. कॉलेजातली पहिल्या वर्षाची मुलगीही हे सांगेल. मी तोंड उघडलं. अम्मा माझ्याकडे बघत होती. मी परीक्षेला जाताना ती देवासमोर उभी राहून माझ्याकडे बघायची तशी.

मी म्हटलं, "हे असं उभ्या उभ्या सांगता येणार नाही."

"म्हणजे?"

"फेस रोज सारखा नसतो. गाईनं काय खाल्लं, हवा कशी आहे, किती उंचावरून ओतलं, त्यावर आहे. रोज बघावं लागेल. दोघींच्या समोर. मग काही सांगता येईल."

"किती दिवस?"

"पावसाळा धरायला हवा. आणि हिवाळा."

काकूंनी थोडा विचार केला. मग यल्लाप्पाला हाक मारून म्हणाल्या, "ट्रंक उतरव रे. इथं पोरीचा अभ्यास अडलाय, आणि ही माझ्यामागे तिला काय काय शिकवेल देवाला ठाऊक." अम्मा म्हणाली, "आधी दूध आत न्या, नासेल," आणि दोघी भीमाचार्यांच्या सुनेवर आल्या.

मी एकही शब्द खोटा बोललेली नाही. फेस खरोखरच रोज सारखा नसतो. शनिवारी महिला समाजात कुणी फेसाबद्दल विचारलं तर मी खरं उत्तर देईन. मधल्या दारात मात्र माझा अभ्यास चालू आहे, आणि तो संपवण्याची मला घाई नाही.

तुझी,
नयना

◆

भिलाई
१४ एप्रिल १९६२

चि. नयना,

तार आणि पत्र दोन्ही पोचली. आई येत नाही हे कळून आम्हां दोघांना फार वाईट वाटलं. प्रतिमाला तर इतकं, की तिनं संध्याकाळी बदाम घालून शिरा केला आणि शेजारी चार घरी वाटला.

आईला लिहिलं आहे की तिनं यावं, आमचा आग्रह कायम आहे. तुझा अभ्यास नीट कर. थंडीतला फेस वेगळा, पावसाळ्यातला वेगळा, हे तुझं म्हणणं मला पूर्ण पटतं. एका वर्षाच्या निरीक्षणावर घाईनं काही ठरवू नये, असं मात्र मी इंजिनियर म्हणून सुचवतो.

दामोदर